काट्याने उलगडलेलं कोडं

मैत्रिणींनो, बोटात काटा रुतला की दुसऱ्या दिवशी बोट लाल होतं, सुजतं, ठणकतं. आपण हळद लावतो आणि कामाला लागतो. पण ही सूज मुळात येते कशाला? हे कोडं सोडवलं एली मेचनिकॉफ यांनी.

त्यांचा जन्म १८४५ साली, आज युक्रेनमध्ये असलेल्या खारकीव्हजवळच्या एका खेड्यात झाला. निसर्गविज्ञानाचा चार वर्षांचा अभ्यास त्यांनी दोनच वर्षांत संपवला. १८६९ मध्ये लुडमिलाशी लग्न झालं. तिला क्षय होता. लग्नाच्या दिवशी ती इतकी थकलेली, की खुर्चीत बसवून तिला चर्चमध्ये न्यावं लागलं. चार वर्षं त्यांनी तिची खूप सेवा केली, पण १८७३ मध्ये ती गेलीच. दुःखाने खचून त्यांनी जीव द्यायचाही प्रयत्न केला. नशिबाने वाचले. १८७५ मध्ये ओल्गाशी लग्न झालं आणि संसार पुन्हा उभा राहिला.

१८८२ च्या डिसेंबरात सगळे इटलीत मेसिनाला होते. घरची मंडळी सर्कशीला गेली, हे एकटेच मायक्रोस्कोप घेऊन बसले. तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांत काही पेशी फिरताना दिसल्या. या पेशी शरीराच्या राखणदार तर नसतील? बागेतल्या गुलाबाचे काटे आणून त्यांनी पिल्लांना टोचले. रात्रभर झोप नाही. सकाळी बघतात तर काट्याभोवती पेशींचा गराडा! सूज म्हणजे शरीराची लढाई, हे त्यांना उमगलं. पांढऱ्या पेशी जंतू पसरवतात असं तेव्हा बरेच डॉक्टर मानत, त्यामुळे विरोध खूप झाला. १८८८ पासून ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये राबले. १९०८ मध्ये पॉल एर्लिक यांच्यासोबत नोबेल मिळालं. १९१६ मध्ये हृदयविकाराने ते गेले.

त्यांनी मॅक्रोफेज नाव दिलेल्या मोठ्या भक्षक पेशी आपल्या फुप्फुसातही असतात. आत गेलेली धूळ, काजळी त्या गिळतात. पण चुलीचा किंवा विडी-सिगारेटचा धूर वर्षानुवर्षं जात राहिला, तर लढाई थांबतच नाही. मदतीला आलेल्या पेशींच्या पाचक रसांनी फुप्फुसाच्या नाजूक भिंतीच झिजतात. सीओपीडी या आजारात असंच होतं. दाह वाढवणारी द्रव्यं रक्तातही उतरतात. म्हणून अशा रुग्णांत हृदयविकार, हाडांची ठिसूळता, अंगाची झीज जास्त दिसते.

वस्तीत गेलं की बायका सांगतात, जिना चढताना धाप लागते, पण वय झालं म्हणून असेल. घरात गॅस असतो, पण सिलिंडर पुरवायचा म्हणून पाणी चुलीवरच तापतं. बायांनो, खोकला, धाप अंगावर काढू नका. डॉक्टरांकडे जा, नळीत फुंकायची साधी तपासणी करून घ्या. राखणदार आतमध्ये लढतायत, त्यांच्यावर रोज नवा धूर कशाला लोटायचा?