बालगंधर्व : वैभव आणि हिशेब

मराठी रंगभूमीच्या वैभवाचा एक धागा खानदेशापर्यंत पोहोचतो. नारायण श्रीपाद राजहंस यांना संगीताचे आरंभीचे पाठ बालपणी जळगावात मेहबूबखाँ यांच्याकडून मिळाले. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि स्त्रीभूमिकांमुळे बालगंधर्व हे नाव घरोघरी गेले.

१९१३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह गंधर्व नाटक मंडळी काढली. शालू, दागिने, अत्तरे यांत त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. साहजिकच, उत्पन्न मोठे असूनही मंडळी कर्जात बुडाली. त्यातच १९३२ मध्ये मराठी बोलपट आला. एकदा काढलेला चित्रपट गावोगावी दाखवता येतो. नाटकाला मात्र प्रत्येक प्रयोगाचा खर्च नव्याने करावा लागतो. ही स्पर्धाच विषम होती. १९३५ मध्ये ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त ते संत एकनाथ झाले, परंतु पडद्यावर त्यांचे मन रमले नाही. ते रंगभूमीकडेच परतले.

१९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले, तेव्हा पाय अधू झाले होते. १५ जुलै १९६७ रोजी ते निवर्तले. त्यांच्या उधळेपणाला दोष देणे सोपे आहे; पण त्या वैभवाचा आनंद साऱ्या समाजाने लुटला आणि त्याचे देणे एकट्या कलावंताने फेडले, हेही हिशेबात धरले पाहिजे.