साने गुरुजींच्या घरावरची जप्ती आणि खानदेशचा शेतसारा: कर्जाचे दोन चेहरे

पिंप्राळा (जळगाव) : साने गुरुजी म्हटले की 'श्यामची आई' आणि डोळ्यांत पाणी, एवढेच बहुतेकांना आठवते. पण त्या पुस्तकातल्या आईचे बरेचसे दुःख सावकाराच्या कर्जाचे आहे. त्या घरात वाढलेला मुलगा खानदेशात आला आणि आयुष्यभर काटकसरीने राहिला. इथला शेतकरी अडचणीत आला, तेव्हा मात्र गुरुजींनी बोट सरकारच्या शेतसाऱ्याकडे दाखवले. असे का? उत्तर त्यांच्या आयुष्यात सापडते.

खोताच्या घरात कर्ज कुठून आले?

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगडचा. आजोबांच्या काळात घर सुखवस्तू होते. खोती म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरण्याचा हक्क. तो ज्या घरात असे, त्या घराला मान असे. वडील सदाशिवरावांच्या काळात ही घडी विस्कटली. एकत्र कुटुंबातले वाद, वाटण्या आणि चढत जाणारे व्याज यांत घर खचले.

'श्यामची आई'त ही कहाणी येते. थोडी जमीन विकून कर्ज फेडावे, असे आई सुचवते. वडिलांना ते पटत नाही. वाडवडिलांची जमीन विकली तर लोक काय म्हणतील, ही धास्ती. शेवटी वसुलीचा माणूस दारात येऊन नको ते बोलतो, जप्तीची दवंडी पिटली जाते आणि ज्या अब्रूसाठी जमीन राखली, ती अब्रूच चव्हाट्यावर येते.

उशीर किती महागात पडतो?

आजच्या आकड्यांत पाहू. शेकडा ३ रुपये महिना हा दर ऐकायला हलका वाटतो. पण १ लाख रुपयांवर तो वर्षाला ३६ हजार होतो. थकलेले व्याज मुद्दलात धरत गेले, तर साधारण २ वर्षांत १ लाखाचे २ लाख होतात. आईचा हिशेब हाच होता: आज एक तुकडा विकावा लागेल, उद्या सगळे जाईल.

पुस्तकातला श्याम दापोलीत शिकताना खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावाला कोट शिवून आणतो. तंगीच्या घरात पै-पैची किंमत मुलांना अशी कळत होती. आई यशोदाबाई १९१७ मध्ये गेल्या. मुलाची अखेरची भेट झाली नाही.

अमळनेरला कसे आले?

औंध आणि पुणे इथे हाताने स्वयंपाक करत, प्रसंगी अर्धपोटी राहून त्यांनी शिक्षण घेतले. तत्त्वज्ञानाच्या पुढच्या अभ्यासासाठी ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि १९२४ मध्ये तिथल्याच प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुले शाळेत गेली की त्यांच्या खोल्या झाडणे, कपडे धुणे ही कामे ते गुपचूप करत. स्वतःच्या गरजा थोड्या ठेवल्या, त्यामुळे पगारातून गरीब मुलांना मदत करता आली.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचने त्यांनीच उतरवून घेतली. पुढे नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढली.

शेतकऱ्याचे कर्ज वेगळे कसे?

१९३८ मध्ये पूर्व खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात, अतिवृष्टीने पिके हातची गेली. इथे रयतवारी पद्धत होती. शेतकऱ्याने सारा थेट सरकारला रोखीत भरायचा आणि त्याची रक्कम आधीच ठरलेली. पीक बुडाले तरी मागणी उभीच. सूट मिळायची ती आणेवारीवर, म्हणजे पीक किती आणे आले या अंदाजावर. आणेवारी जास्त लागली की सूट नाही. मग सारा भरायला सावकाराकडे जायचे आणि पुढच्या हंगामाचे बियाणेही उधारीवर घ्यायचे.

पालगडच्या घरातले कर्ज वेळीच घेतलेल्या निर्णयाने आटोक्यात आले असते. खानदेशातल्या शेतकऱ्याने मात्र उधळपट्टी केली नव्हती. ज्याच्या घरात मुळात शिल्लकच नाही, त्याने काटकसर कशात करायची? म्हणून गुरुजींनी शेतसारा माफीची मागणी लावून धरली. त्याच वर्षी अमळनेरहून 'काँग्रेस' नावाचे साप्ताहिक काढले, गावोगाव सभा घेतल्या आणि शेतकऱ्यांना संघटित केले. त्या वेळी मुंबई प्रांतात सरकार काँग्रेसचेच होते. आपल्याच पक्षाच्या सरकारकडे त्यांनी हा प्रश्न नेला.

कर्जाचा प्रश्न तेव्हा प्रांतभर तापला होता. १९३९ मध्ये मुंबई प्रांतात शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा झाला. कर्ज तपासून तडजोड करणारी मंडळे नेमण्याची तरतूद त्यात होती.

स्वातंत्र्यानंतर १५ ऑगस्ट १९४८ रोजी गुरुजींनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५० रोजी त्यांचे निधन झाले.

आज यातून काय घ्यायचे?

• आधी कर्ज ओळखा. लग्न, मानपान, हौस यांसाठीचे कर्ज निर्णयाने थांबते. पीक बुडाल्याने किंवा आजारपणाने झालेल्या कर्जात स्वतःला दोष देत बसू नका. सवलत आणि मदत मागा.

• लोक काय म्हणतील, याचेही व्याज लागते. विकण्याजोगे काही असेल तर जप्तीआधी, आपल्या भावाने विका.

• व्याजाचा दर महिन्याचा सांगितला, तर १२ ने गुणून वर्षाचा काढा.

• आणेवारीची आज पैसेवारी झाली आहे. ती ५० पैशांच्या खाली आहे की वर, यावर सवलती ठरतात. आपल्या गावाची पैसेवारी तलाठ्याकडे विचारा.

• विनापरवाना सावकारी हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने गुन्हा आहे. तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते. अशा सावकाराने बळकावलेली जमीन परत मिळवण्याची तरतूदही या कायद्यात आहे.

• घरातल्या बाईला हिशेबाला बसवा. पालगडच्या त्या घरात बरोबर हिशेब तिचाच होता.