हरणार हे माहीत असूनही नेहरूंविरोधात पहिला अविश्वास प्रस्ताव आणणारे आचार्य कृपलानी

३४७ विरुद्ध ६२. लोकसभेतल्या पहिल्या अविश्वास प्रस्तावाचा हा निकाल. प्रस्ताव सपशेल पडला. तो मांडणारे होते जे. बी. कृपलानी, म्हणजेच आचार्य कृपलानी. मग हरण्यासाठी प्रस्ताव आणलाच कशाला?

कृपलानींचा जन्म १८८८ सालचा, सिंधमधल्या हैदराबादचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले, पुढे प्राध्यापक झाले. १९१७ च्या चंपारण लढ्यापासून ते गांधीजींसोबत होते. देश स्वतंत्र झाला तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष तेच होते. पण सरकार पक्षाला विचारात घेत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. नोव्हेंबर १९४७ मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडलं आणि १९५१ मध्ये पक्षही.

१९६२ ला ते उत्तर मुंबईतून संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याविरोधात लढले आणि हरले. त्याच वर्षी चीन युद्धात भारताचा पराभव झाला आणि मेनन यांना मंत्रिपद सोडावं लागलं. १९६३ मध्ये अमरोह्याची पोटनिवडणूक जिंकून कृपलानी लोकसभेत आले आणि ऑगस्टमध्ये त्यांनी नेहरू सरकारवर अविश्वास प्रस्ताव मांडला.

आता नियम समजून घेऊ. घटनेच्या कलम ७५ नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं. अविश्वास प्रस्तावाची पद्धत मात्र घटनेत नाही, ती लोकसभेच्या नियम १९८ मध्ये आहे. आज हा प्रस्ताव दाखल करून घ्यायला किमान ५० खासदारांचा पाठिंबा लागतो. मग चर्चा आणि मतदान. हजर राहून मत देणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त खासदार प्रस्तावाच्या बाजूने गेले, तर सरकारला राजीनामा द्यावा लागतो. विश्वासदर्शक ठराव याच्या उलट असतो. तो सरकार स्वतः मांडतं.

१९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसने ४९४ पैकी ३६१ जागा जिंकल्या होत्या. त्यामुळे सरकार पडणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण चार दिवस, २१ तासांहून जास्त चर्चा झाली. चीनबाबतचं धोरण, आर्थिक प्रश्न, सगळ्याचा हिशेब मागितला गेला आणि नेहरूंना सभागृहात उत्तर द्यावं लागलं. कृपलानींना हेच हवं होतं.

गंमत म्हणजे त्यांच्या पत्नी सुचेता कृपलानी काँग्रेसमध्येच होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या उत्तर प्रदेशच्या आणि देशातल्याही पहिल्या महिला मुख्यमंत्री झाल्या.

१९७७ मध्ये जनता पक्षाने पंतप्रधान निवडायचं काम जयप्रकाश नारायण आणि कृपलानी यांच्यावर सोपवलं. नाव ठरलं मोरारजी देसाईंचं. दोनच वर्षांनी, जुलै १९७९ मध्ये, यशवंतराव चव्हाणांनी मोरारजींच्या सरकारवर अविश्वास प्रस्ताव आणला. पक्ष फुटत होता, आकडे जुळेनात. मतदानाआधीच मोरारजींनी राजीनामा दिला.

जे हत्यार कृपलानींनी लोकसभेत पहिल्यांदा उपसलं, त्यानेच त्यांनी निवडलेल्या पंतप्रधानाची खुर्ची गेली. हे पाहायला ते हयात होते. १९ मार्च १९८२ ला त्यांचं निधन झालं.

आजही आकडे नसताना विरोधक अविश्वास प्रस्ताव आणतात, तेव्हा अनेकदा सरकार पाडण्यापेक्षा त्याला बोलायला लावणं हाच हेतू असतो. त्याची सुरुवात १९६३ ची.