हातचा एक : डॉ. मारिया माँटेसरी यांचें चरित्र

बेरीज करितांना एकंच्या घरांत पंधरा आले म्हणजे आपण पाटीवर पांच मांडतों आणि मनांत म्हणतों, हातचा एक. हा एक आपल्या हातीं आहे असें भाषा सांगते. पण मूठ उघडून पाहावी तर ती रिकामीच! गुरुजींनीं सांगितलें म्हणून तो दहंच्या घरांत मिळवावयाचा, इतकेंच पुष्कळ मुलांस ठाऊक असतें. तीसपर्यंतचे पाढे घडाघडा म्हणणारें मूलहि हातच्या एकाचें मोल दहा आहे हें सांगतांना अडखळतें, हा शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे. तो एक मुलाच्या हातांत खरोखरच ठेवावा, त्यानें तो बोटांनीं चाचपावा आणि मग पाटीवर लिहावा, अशी शिक्षणाची रीत जिनें घालून दिली, त्या थोर विदुषीचें हें अल्प चरित्र विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस सादर करीत आहों.

मारिया माँटेसरी हिचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजीं इटली देशांत कियारावाल्ले नांवाच्या लहानशा गांवीं झाला. वडील सरकारी नोकर होते. आई वाचनाची आवड असलेली व मुलीच्या इच्छेस पाठबळ देणारी होती. पुढें हें कुटुंब रोम शहरीं राहावयास गेलें. मारियेस गणिताची विलक्षण गोडी. इंजिनियर व्हावें या हेतूनें तेराव्या वर्षीं तिनें मुलांच्या औद्योगिक शाळेंत नांव घातलें, आणि नंतर विचार पालटून वैद्यकाचा मार्ग धरिला. वडिलांस हें रुचलें नाहीं. वैद्यकाच्या वर्गांत पुरुष विद्यार्थ्यांसमवेत प्रेताची चिरफाड करणें स्त्रीस अनुचित मानीत; म्हणून इतर विद्यार्थी निघून गेल्यावर ती एकटी मागें राहून तें काम करी. सन १८९६ मध्यें ती पदवीधर झाली आणि इटलींतील पहिल्या कांहीं स्त्री-डॉक्टरांत तिची गणना होऊं लागली.

डॉक्टर या नात्यानें माँटेसरीबाई रोममधील वेड्यांच्या इस्पितळांत जात असत. तेथें मंदबुद्धीचीं मुलेंहि वेड्यांसमवेतच कोंडून ठेविलेलीं होतीं. त्या उजाड खोल्यांत मुलांच्या हातांस चाळा म्हणून कांहींहि नव्हतें. या मुलांस औषधापेक्षां शिक्षणाची गरज अधिक आहे, असें बाईंच्या मनानें घेतलें. इतार व सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांनीं अशा मुलांस इंद्रियांच्या द्वारें शिकविण्याचे प्रयत्न पूर्वीं केले होते. त्यांचे ग्रंथ बाईंनीं बारकाईनें अभ्यासिले व स्वहस्तें इटालियन भाषेंत उतरून काढिले. सन १९०० मध्यें अशा मुलांसाठीं एक शाळा निघाली, तेव्हां तिच्या चालकांत त्यांची नेमणूक झाली. दिवसभर मुलांस शिकवावें आणि रात्रीं टिपणें करावीं, असा त्यांचा क्रम होता. ज्यांची जगानें आशा सोडिली होती त्यांतील कांहीं मुलें लिहावयास वाचावयास शिकलीं आणि सार्वजनिक परीक्षेंत इतर मुलांच्या बरोबरीनें उत्तीर्ण झालीं. लोकांनीं बाईंचें कौतुक केलें. पण त्यांच्या मनांत निराळीच चिंता उत्पन्न झाली. हीं दुबळीं मुलें जर धडधाकट मुलांची बरोबरी करितात, तर धडधाकट मुलांस आपल्या शाळांनीं किती मागें खेंचून ठेविलें असेल?

याच काळांत त्यांच्या आयुष्यांत एक मोठें दुःख आलें. सन १८९८ मध्यें त्यांस मारिओ नांवाचा पुत्र झाला. मुलाचे वडील त्यांचे सहकारी डॉक्टर होते. परंतु उभयतांचा विवाह झाला नाहीं. अविवाहित मातेनें मूल उघडपणें जवळ ठेविलें असतें, तर त्या काळच्या समाजानें तिला कोठेंहि काम करूं दिलें नसतें. म्हणून तें तान्हें बालक दुसऱ्या एका कुटुंबांत वाढविण्यास द्यावें लागलें. बाई त्यास अधूनमधून भेटत. पण तो चांगला मोठा होईपर्यंत त्यास आपल्या घरीं आणणें त्यांस साधलें नाहीं. परक्यांच्या मुलांसाठीं झिजणाऱ्या या मातेस स्वतःच्या मुलाचें बाळपण पाहावयास मिळालें नाहीं.

रोममध्यें सान लोरेन्झो नांवाची गरीब मजुरांची वस्ती होती. तेथील मोडकळीस आलेल्या चाळी एका मंडळीनें दुरुस्त करून भाड्यानें दिल्या. आईबाप कामास गेले म्हणजे मागें राहिलेलीं लहान मुलें जिन्यांत धिंगाणा घालीत व भिंती खराब करीत. त्यांस एका खोलींत सांभाळावें, या व्यवहारी हेतूनें मालकांनीं बाईंस बोलाविलें. आणि ६ जानेवारी १९०७ रोजीं तेथें पहिलें बालगृह उघडलें. मुलें सुमारें पन्नास, वयें तीन ते सहा-सात वर्षें. शिकविण्यास एक साधी स्त्री. बाईंनीं आपलीं लांकडी साधनें त्या खोलींत आणून ठेविलीं व स्वस्थपणें निरीक्षण चालविलें. एक तीन वर्षांची मुलगी लहानमोठे लांकडी दट्टे त्यांच्या त्यांच्या भोंकांत बसविण्यांत गढून गेली होती. बाईंनीं तिच्या भोंवतीं इतर मुलांस गाणें म्हणावयास लाविलें, तिची खुर्ची उचलून मेजावर ठेविली. तरी तिनें मान वर केली नाहीं. चाळिसांहून अधिक वेळां तेंच काम करून ती थांबली, तेव्हां तिच्या मुखावर थकवा नसून समाधान होतें. लहान मुलाचें चित्त एके ठिकाणीं ठरत नाहीं, हा आपला समज खोटा आहे. त्याच्या हातास योग्य काम मिळत नाहीं हें खरें, असें बाईंनीं त्या दिवशीं जाणलें.

आतां त्यांनीं अंकगणितासाठीं कोणतीं साधनें योजिलीं तें पाहूं. प्रथम दहा लांकडी दांडे. सर्वांत आंखूड दांडा दहा सेंटिमीटरांचा, सर्वांत लांब एक मीटरचा. आणि प्रत्येकावर दहा दहा सेंटिमीटरांचे तांबडे व निळे पट्टे आळीपाळीनें दिलेले. पांचाचा दांडा उचलला म्हणजे पांच ही एकच वस्तु हातीं येते, आणि तीवर पांच भागहि दिसतात. नवाच्या दांड्यापुढें एकाचा, आठाच्या पुढें दोहोंचा ठेविला कीं दहाएवढी लांबी होते. अशा रीतीनें दहाच्या सर्व जोड्या मूल आपल्या आपण शोधून काढतें. त्यानंतर खरखरीत कागदाचे कापलेले अंक पाटीवर चिकटविलेले. लिहिण्याच्या दिशेनें त्यांवरून दोन बोटें फिरवावयाचीं, म्हणजे अंकाचें वळण डोळ्यांपूर्वीं हातास कळतें.

तिसरें साधन म्हणजे शून्यापासून नवांपर्यंत अंक लिहिलेल्या दहा खणांची पेटी व पंचेचाळीस चात्या. एकाच्या खणांत एक, दोहोंच्या खणांत दोन, असें भरीत नवांच्या खणाशीं आलें म्हणजे सर्व चात्या संपतात. कोठें चुकलें तर शेवटीं एखादी उरते किंवा कमी पडते. चूक दाखविण्यास शिक्षकाचें बोट लागत नाहीं. शून्याचा खण मात्र रिकामाच राहतो. शून्य शिकविण्याची बाईंची युक्ति तर मोठी मौजेची होती. एखाद्या मुलास त्या म्हणत कीं, माझ्याकडे शून्य वेळां ये. मूल धांवत येई. त्या हंसून समजावीत कीं, तूं तर एक वेळां आलास! पुन्हां पुन्हां खेळ होई, आणि शेवटीं एखादें मूल जागचें न हालतां हंसत बसून राही. शून्य म्हणजे काय हें त्यास कळलें! शून्य ही ज्या भरतभूमीची गणितास मोठी देणगी, तिच्या मुलांनीं हा खेळ अवश्य खेळावा.

सर्वांत सुंदर साधन सोनेरी मण्यांचें. सुटा मणी म्हणजे एक. दहा मणी तारेंत ओंवून केलेली कांडी म्हणजे दहा. अशा दहा कांड्यांचा चौरस म्हणजे शंभर. आणि दहा चौरस एकावर एक रचून केलेला घन म्हणजे हजार. एका मण्याचा भार हातास जाणवतहि नाहीं, तर हजाराचा घन उचलावयास दोन्ही हात लागतात. आतां सत्तेचाळीस व अडतीस यांची बेरीज मुलास घालावी. त्यानें चार कांड्या व सात मणी आणावे, मग तीन कांड्या व आठ मणी आणावे. सुटे मणी एकत्र केले तर पंधरा झाले. त्यांतील दहा मणी घेऊन मूल मण्यांच्या पेढीकडे जातें व त्यांच्या बदल्यांत एक कांडी घेऊन येतें. पांच मणी खालीं राहिले, कांड्या झाल्या आठ, बेरीज पंचाऐशी. पेढीकडून परत येतांना त्याच्या मुठींत जी कांडी असते, तोच आपला हातचा एक! वजाबाकींतील उसना दहाहि असाच. कांडी मोडून दहा मणी आणावयाचे.

हीं साधनें उघड्या, बुटक्या फडताळांत मुलांचा हात पोंचेल अशीं मांडलेलीं असत. पहिल्या प्रथम तीं शिक्षिकेच्या कुलुपाच्या कपाटांत राहत. एके दिवशीं कपाट उघडें राहिलें, आणि मुलांनीं आपापलें साधन निवडून काम सुरू केलें. शिक्षिकेस हा दंगा वाटला. बाईंनीं मात्र कुलूप कायमचें काढून टाकिलें. कोणीं दांडे घ्यावे, कोणीं मणी घ्यावे, चटईवर बसून काम करावें व साधन जेथल्या तेथें ठेवावें. प्रत्येक साधन एकच; तें दुसऱ्याच्या हातीं असेल तर थांबावें. असें गणिताबरोबर धीराचेंहि शिक्षण होई.

बाईंच्या पद्धतीची कीर्ति लवकरच युरोप-अमेरिकेंत पसरली. सन १९३४ मध्यें अंकगणितावरील त्यांचा मोठा ग्रंथ स्पेनमधील बार्सेलोना येथें प्रसिद्ध झाला. परंतु जर्मनींत हिटलरच्या व इटलींत मुसोलिनीच्या राजवटींत त्यांच्या शाळा बंद पडल्या. सन १९३६ मध्यें स्पेनमध्यें यादवी पेटली, तेव्हां त्यांस तेंहि घर सोडावें लागलें. सन १९३९ मध्यें, एकुणसत्तराव्या वर्षीं, त्या मारिओसह मद्रासेस अड्यार येथें शिक्षक तयार करावयास आल्या. बाई इटालियन भाषेंत बोलत व मारिओ त्याचें इंग्रजी करून सांगे. जून १९४० मध्यें इटलीनें ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलें, आणि हीं मायलेकरें शत्रुराष्ट्राचीं ठरलीं. बाईंस अड्यारच्या आवारांत राहण्याची आज्ञा झाली. मारिओस आपल्या महाराष्ट्रांत, अहमदनगर म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथील छावणींत स्थानबद्ध केलें. इतक्या वर्षांनीं जवळ आलेला मुलगा पुन्हां दुरावला. तरी बाईंनीं काम टाकिलें नाहीं. त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशीं, ३१ ऑगस्ट १९४० रोजीं, सरकारनें मारिओस मुक्त केलें. त्याहून मोलाची भेट त्या मातेस कोणती मिळाली असती? पुढें या देशांत त्यांनीं हजारांहून अधिक शिक्षक तयार केले. ६ मे १९५२ रोजीं हॉलंडमध्यें त्यांचें देहावसान झालें.

हीं साधनें महाग आहेत, गरिबांच्या शाळेस तीं कशीं परवडावीं, असा आक्षेप पुष्कळांनीं घेतला, आणि तो खोटा नव्हता. त्याचें उत्तर आपल्या महाराष्ट्रांतच मिळालें. ताराबाई मोडक यांनीं भावनगर येथें गिजुभाई बधेका यांच्यासमवेत ही पद्धति आत्मसात केली, आणि सन १९४५ मध्यें समुद्रकांठच्या बोर्डी येथें, व पुढें सन १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साह्यानें ती आदिवासी मुलांच्या अंगणांत नेली. तेथें शिंपले, खडे, पानें व बिया हींच मुलांचीं साधनें झालीं.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या घरीं धाकटें भावंड असेल तर त्यास पाढ्यासाठीं दटावूं नका. दहा दहा चिंचोक्यांच्या पुरचुंड्या बांधा, कांहीं सुटे ठेवा, आणि त्याच्याकडून बेरीज करवून घ्या. आईबापांसहि विनंति आहे कीं, मूल धान्य मोजतांना, बटाटे वांटतांना रमलें तर तें खेळण्यांत वेळ दवडतें असें समजूं नये. तें गणितच शिकत आहे. पाटी त्यास पुढें मिळेलच. आधीं त्याची मूठ भरूं द्यावी.