लोकमान्य टिळक: शरीरासाठी दिलेलं एक वर्ष

गणपती जवळ आले की कसबा पेठेजवळच्या नदीपात्रात ढोल-ताशांचा सराव सुरू होतो. पुण्याचं ग्रामदैवत असलेला कसबा गणपती विसर्जन मिरवणुकीत मानाचा पहिला. हा उत्सव सार्वजनिक करून घराघरांतून चौकात आणण्यात लोकमान्य टिळकांचा मोठा वाटा होता. संपादक आणि पुढारी म्हणून ते सगळ्यांना माहीत आहेत. त्यांनी आपल्या शरीराकडे कसं पाहिलं, हे मात्र फारसं बोललं जात नाही. मधुमेहाच्या रुग्णांनी आणि दहावी-बारावीतल्या मुलांच्या पालकांनी ते जरूर वाचावं.

किरकोळ अंगाचा मुलगा

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. वडील गंगाधरपंत शिक्षण खात्यात होते. त्यांची बदली झाली आणि १८६६ मध्ये कुटुंब पुण्यात आलं. थोड्याच काळात आई गेली. १८७२ मध्ये, टिळक सोळा वर्षांचे असताना, वडीलही गेले. त्याआधीच त्यांचं लग्न झालेलं होतं.

पुढच्या वर्षी ते डेक्कन कॉलेजात दाखल झाले. बुद्धी तल्लख, पण प्रकृती नाजूक. आपल्याला जे करायचं आहे ते या शरीराच्या बळावर होणार नाही, हे त्यांनी ओळखलं. कॉलेजचं पहिलं वर्ष त्यांनी मुख्यतः शरीर कमावण्यात घालवलं. तालीम, कुस्ती, पोहणं, शेजारच्या मुळा-मुठेत नाव वल्हवणं हा त्यांचा रोजचा क्रम झाला. आहारही त्याला साजेसा ठेवला. अभ्यास मागे पडला आणि ते वर्ष वाया गेलं असं इतरांना वाटलं. पुढे मात्र गणित घेऊन ते पहिल्या वर्गात बी.ए. झाले आणि १८७९ मध्ये कायद्याची पदवीही मिळवली.

वैद्यकीय दृष्टीने पाहिलं तर निवड चांगली होती. कुस्तीने ताकद वाढते, तर पोहण्याने आणि वल्हवण्याने दम वाढतो. एकाच खेळाचा अतिरेक नसल्याने ठरावीक सांध्यांवर पुन्हा पुन्हा ताण येत नाही. मुलांसाठी आज वर्ष सोडण्याची गरज नाही. ५ ते १७ या वयात रोज सरासरी एक तास हालचाल व्हावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. परीक्षेच्या वर्षातही ती लागू आहे.

कमावलेल्या शरीराची परीक्षा

पुढे या शरीराला बरंच सोसावं लागलं. कोल्हापूर प्रकरणात १८८२ मध्ये आगरकरांसोबत १०१ दिवस डोंगरीचा तुरुंग. १८९७ मध्ये राजद्रोहाची शिक्षा. वर्षभराने सुटले तेव्हा प्रकृती खालावलेली होती. विश्रांतीसाठी ते सिंहगडावर जाऊन राहत.

जुलै १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांना ब्रह्मदेशात मंडालेला पाठवलं गेलं, तेव्हा ते ५२ वर्षांचे होते. उन्हाळा कडक, खोलीला भिंतींऐवजी लाकडी गज, जवळ आपलं माणूस नाही, आणि सोबतीला मधुमेह. त्या काळी या आजारावर इन्सुलिन नव्हतं, आजच्यासारख्या गोळ्याही नव्हत्या. हातात होतं ते पथ्य, आणि ते त्यांनी निष्ठेने पाळलं. याच खोलीत १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिलं. १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई गेल्याची बातमी त्यांना तिथेच कळली.

जून १९१४ मध्ये सुटका झाली. साठीच्या घरात होमरूलसाठी त्यांनी गावोगाव दौरे केले आणि १९१८ मध्ये ते इंग्लंडलाही गेले. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात तापाच्या आजारात त्यांचं निधन झालं. वय ६४. त्यानंतर दीडच वर्षाने, जानेवारी १९२२ मध्ये, कॅनडात एका मधुमेही मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं.

आपण काय घ्यायचं?

तरुणपणी एवढा व्यायाम केलेल्या माणसालाही मधुमेह झाला. त्यामुळे मधुमेह झाला म्हणजे आपण आळशी होतो, असा दोष कोणी स्वतःला किंवा घरातल्या रुग्णाला देऊ नये. आनुवंशिकता, वय आणि मानसिक ताण यांचाही त्यात भाग असतो. व्यायामाने धोका कमी होतो, पण तो पूर्ण टळेल अशी हमी मिळत नाही.

दुसरं म्हणजे व्यायाम साठवून ठेवता येत नाही. तो थांबला की दोन-तीन आठवड्यांतच दम कमी होऊ लागतो. ‘कॉलेजात असताना मी खूप खेळायचो’ हे वाक्य पन्नाशीत उपयोगी पडत नाही. प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटं भरभर चालण्यासारखा व्यायाम करावा आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीसाठी द्यावेत. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, म्हणून मधुमेहात त्याचा थेट फायदा होतो.

मधुमेह असेल तर काही काळजी घ्या:

- इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी जोराचा व्यायाम करू नका. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा.
- घाम, थरथर, गरगरणं जाणवलं तर थांबा आणि साखर खा.
- बूट नीट मापाचे घाला. रोज रात्री तळपाय पाहा.
- चालताना छातीत दुखलं किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर लगेच डॉक्टरांना दाखवा.
- व्यायाम सुरू केला म्हणून औषधं स्वतःहून बंद करू नका. टिळकांच्या वाट्याला न आलेली ही सोय आपल्याकडे आहे.

ढोल वाजवणाऱ्या मुला-मुलींनीही पहिल्याच दिवशी तासन्‌तास ढोल कमरेला बांधू नये. वेळ हळूहळू वाढवावी, आधी खांदे आणि पाठ मोकळी करून घ्यावी, कानात बोळे घालावेत. हाताला किंवा पायाला मुंग्या येत असतील तर सराव थांबवून तपासून घ्यावं. सोळा-सतराव्या वर्षी टिळकांनी शरीर कमावलं ते पुढच्या आयुष्यभराच्या कामासाठी. आपल्या मुलांचंही तेच वय आहे.