कण्यावर उभा राहिलेला धंदा : बी. जे. पामर

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात डॅलस आणि फोर्ट वर्थ ही दोन मोठी शहरे आहेत. त्यांच्या मधोमध, मोठ्या विमानतळाला लागून, अर्विंग नावाचे शहर आहे. आपल्या भारतीय वंशाच्या लोकांची तेथे बरीच वस्ती आहे. २०१४ साली तेथील एका बागेत महात्मा गांधींचा पुतळाही उभा राहिला. याच अर्विंगमध्ये १९८२ साली एक कॉलेज सुरू झाले. विषय होता कायरोप्रॅक्टिक, म्हणजे पाठीच्या कण्याचे मणके हातांनी दाबून, हलवून दुखणे घालवण्याची विद्या. आपल्या बेटावरही पाठीत उसण भरली की जाणत्या मालिशवाल्याचे घर शोधणारे लोक आहेत. अमेरिकेत मात्र या कामासाठी कॉलेजे आहेत, पदव्या आहेत आणि सरकारी परवानाही लागतो.

हे कॉलेज काढणारे डॉ. जेम्स पार्कर त्याआधी तीस वर्षे या क्षेत्रात नावाजलेले होते, पण एखादा नवा उपचार शोधला म्हणून नव्हे. दवाखाना कसा काढावा, तो कसा वाढवावा, वर्षाअखेर आपल्याला कोठवर पोहोचायचे आहे ते आधीच कसे ठरवावे, याचे वर्ग ते १९५१ पासून घेत असत. रोग्याशी मायेने वागणे हे पहिले तंत्र आणि मणका दाबणे त्यानंतरचे, अशी त्यांची शिकवण होती. ते स्वतः ज्या शाळेत शिकले ती टेक्सासमध्ये नव्हती. ती उत्तरेला, आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीकाठच्या डॅव्हनपोर्ट गावी होती. त्या शाळेचा मालक होता बी. जे. पामर. मणके दाबण्याच्या विद्येला भरभराटीच्या धंद्याचे रूप प्रथम दिले ते त्याने. म्हणून अर्विंगच्या कॉलेजची गोष्ट खरी त्याच्यापासून सुरू होते.

मराठी वाचकाला हे आडनाव वाचून हसू येईल. आपल्या भाषेत पामर म्हणजे दीन, बापुडा. हा मनुष्य दीनही नव्हता आणि बापुडाही नव्हता. त्याचे पूर्ण नाव बार्टलेट जोशुआ. जन्म १८८२ सालचा, आयोवातल्याच एका लहान गावातला. तो अगदी लहान असतानाच आई वारली. वडील डॅनियल डेव्हिड पामर कॅनडात जन्मलेले. त्यांनी शाळामास्तरकी केली, मधमाश्या पाळल्या, किराणा दुकान चालवले, आणि शेवटी हातांतील चुंबकशक्तीने रोग बरे करणारा म्हणून डॅव्हनपोर्टला पाटी लावली. घरात सावत्र आया आल्या नि गेल्या. बापाचा हात कडक होता, आणि मुलांनी मार किती खाल्ला याची आठवण बी. जे.ने मोठेपणी अनेकदा सांगितली.

१८९५ च्या सप्टेंबरात वडिलांच्या दवाखान्याच्या इमारतीत झाडलोट करणाऱ्या हार्वी लिलार्ड नावाच्या बहिऱ्या माणसाच्या पाठीचा एक मणका त्यांनी दाबला आणि त्याला पुन्हा ऐकू येऊ लागले, अशी या विद्येची जन्मकथा सांगतात. कानाची शीर पाठीतून जात नाही, ती कवटीच्या आतच असते, हे शरीरशास्त्र शिकलेल्या कोणालाही माहीत आहे, त्यामुळे या कथेवर तेव्हापासून आजपर्यंत वाद चालू आहे. वडिलांनी मात्र त्यावरून सिद्धान्त बांधला की बहुतेक सारे रोग मणका जागचा हलल्याने होतात. एका पाद्र्याने ग्रीक शब्द जोडून त्या विद्येला नाव दिले आणि १८९७ साली शाळा उघडली. विद्यार्थी मोजके. वडील हुशार होते, पण एका जागी टिकणारे नव्हते. आज काय करायचे एवढेच त्यांना दिसे. पाच वर्षांनंतरचे त्यांच्या डोळ्यांपुढे काही नसे.

मुलाचे अगदी उलट होते. पोरवयात तो काही काळ एका संमोहनवाल्याच्या खेळात हिंडला होता आणि समोरची गर्दी कशी धरून ठेवायची हे तेथेच शिकला होता. १९०२ साली तो वडिलांच्या शाळेतून पदवी घेऊन बाहेर पडला. लवकरच वडील पश्चिमेकडे कॅलिफोर्नियात निघून गेले आणि जेमतेम विशीतल्या या पोराच्या गळ्यात कर्जबाजारी शाळा पडली. १९०४ मध्ये त्याने मेबल हीथ हिच्याशी लग्न केले. मेबल स्वतः ही विद्या शिकली, शाळेत वर्षानुवर्षे शरीरशास्त्र शिकवत राहिली, त्या विषयावर तिने ग्रंथ लिहिला. बी. जे.च्या नावाच्या झगमगाटात तिचे नाव झाकले गेले. वर्गात रोज उभे राहणारे माणूस कोण होते हे विचारले, तर उत्तर मेबल असेच येते.

१९०६ साली वडील परतले होते, तेव्हा परवान्यावाचून वैद्यकी केल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली. दंड भरायचे नाकारून ते काही दिवस तुरुंगात राहिले. बाहेर आले तेव्हा शाळा मुलाची झाली होती. व्यवहार कागदावर झाला, पण मन दुखावले ते कायमचे. वडील ओक्लाहोमा आणि ऑरेगॉनमध्ये नव्या शाळा काढत फिरले आणि १९१० साली आपला जाडजूड ग्रंथ छापून त्यात मुलावर भरपूर आग पाखडली. १९१३ च्या ऑक्टोबरात लॉस एंजेलिसला विषमज्वराने त्यांचा अंत झाला. त्याआधी ऑगस्टमध्ये डॅव्हनपोर्टच्या मिरवणुकीत मुलाने त्यांना मोटारीचा धक्का दिला, असा आरोप पुढे झाला. तो सिद्ध झाला नाही, पण बी. जे.च्या नावामागून तो जन्मभर फिरला.

शाळा हाती येताच बी. जे.ने जे केले त्यात क्रम होता. वडिलांना तुरुंग का भोगावा लागला हे त्याने नीट पाहिले होते. दवाखाना वाढायचा तर आधी दवाखान्यातला माणूस बाहेर राहिला पाहिजे. १९०६ सालीच त्याने कायरोप्रॅक्टरांची संघटना बांधली. सभासदाने वर्गणी भरायची आणि खटला झाला तर वकील संघटनेने द्यायचा. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिनच्या ला क्रॉस गावात कसोटी लागली. आरोपी होता शेगातारो मोरिकुबो, जपानहून आलेला कायरोप्रॅक्टर. परदेशातून आलेला, वेगळ्या रंगाचा, एकटा माणूस परक्या कोर्टात उभा आहे, हे चित्र आपल्या लोकांना वेगळे समजावून सांगायला नको. टॉम मॉरिस या वकिलाने मांडले की ही वैद्यकी नव्हेच, ही निराळी विद्या आहे, तिचे तत्त्व निराळे आहे. मोरिकुबो सुटला. पुढे अनेक वर्षे देशभर तोच युक्तिवाद वापरला गेला. तरीही शेकडो कायरोप्रॅक्टर तुरुंगात गेलेच. १९१३ साली कॅन्सस राज्याने पहिला कायदा करून त्यांना मान्यता दिली, आणि सर्वांत शेवटच्या लुइझियानाने ती दिली १९७४ मध्ये.

दुसरे काम होते लोकांना कळवण्याचे. शाळेचा स्वतःचा छापखाना होता. पत्रके, पुस्तिका, मासिके तेथून गाड्या भरभरून निघत. खेड्यात नवा दवाखाना घालणारा विद्यार्थी तीच पत्रके आपले नाव घालून घरोघर वाटी. शाळेच्या भिंती, जिने, खांब सुविचारांनी रंगवलेले होते. लवकर उठा, मेहनत करा आणि जाहिरात करा, असाच त्यांतल्या कित्येकांचा रोख होता. १९१० साली त्याने क्ष-किरणाचे यंत्र आणून कण्याची छायाचित्रे घ्यायला सुरुवात केली. हे यंत्र उपचाराला उपयोगी होते आणि रोग्याच्या मनावर छाप पाडायलाही. १९२२ मध्ये त्याने चक्क एक रेडिओ केंद्र विकत घेतले. त्याच्या नावातील डब्ल्यू, ओ, सी या तीन अक्षरांचा अर्थ लोक कायरोप्रॅक्टिकचे चमत्कार असा लावत. १९३२ साली त्याच केंद्रावर रोनाल्ड रेगन नावाचा तरुण निवेदक म्हणून लागला. तो पुढे देशाचा अध्यक्ष झाला. रेडिओवरून माल कसा खपवावा यावरही बी. जे.ने पुस्तक लिहिले.

पहिल्या महायुद्धानंतर घरी परतलेले सैनिक शिकायला आले आणि विद्यार्थ्यांची संख्या दोन हजारांच्या वर गेली. शाळेजवळ त्याने एक बाग केली. आशियाच्या प्रवासातून आणलेल्या बुद्धमूर्ती व इतर वस्तू तीत मांडल्या आणि ती पाहायला दुरून प्रवासी येत. लांब केस, मोठा टाय, भाषणाला उभा राहिला की तासन् तास सभा स्तब्ध. त्या काळी अमेरिकेत कायरोप्रॅक्टिक म्हटले की हाच माणूस डोळ्यांपुढे येई.

शिक्षक-प्रशिक्षण घेताना आम्हांला पाठाच्या टिपणात सर्वांत वर उद्दिष्ट लिहावे लागे. तेथे नवशिके नेहमी एक चूक करीत. मी अमुक शिकवीन, असे लिहीत. परीक्षक ते खोडून मुलाला अमुक येईल असे लिहायला लावी. वाक्य एकच, कर्ता तेवढा बदलला. बी. जे.च्या उद्दिष्टातही एके दिवशी कर्ता बदलला, असे मला वाटते.

तो दिवस १९२४ च्या ऑगस्टमधील वार्षिक मेळाव्याचा. मांडवात त्याने एक लहानसे यंत्र दाखवले. डॉसा इव्हिन्स याने ते बनवले होते. कण्याच्या दोन्ही बाजूंच्या उष्णतेतला फरक ते दाखवी आणि त्यावरून कोठला मणका दबला ते कळते, असा दावा होता. बी. जे.ने सांगितले की यापुढे या यंत्रावाचून कोणी खरा कायरोप्रॅक्टर नाही. यंत्र विकत मात्र मिळणार नव्हते. ते भाड्याने घ्यायचे, आणि त्याची रक्कम लवकरच दोन हजार डॉलरच्या पुढे गेली. त्या सुमारास फोर्डची नवी मोटार तीनशे डॉलरच्या आत येत होती! गावोगावचे गरीब कायरोप्रॅक्टर हबकले. ज्याने तुरुंगातून सोडवले तोच आता खिशात हात घालतो, असे त्यांना वाटले. बी. जे.ची यंत्रावर खरोखर श्रद्धा होती, असे मानायला जागा आहे. पण श्रद्धा होती म्हणून भाडे कमी झाले नाही.

मेळाव्याला येणारे घटले, विद्यार्थी भराभर कमी झाले, स्वतः उभारलेल्या संघटनेचे सूत्रही त्याच्या हातून गेले. १९२६ साली शाळेतले चार जुने, नावाजलेले शिक्षक बाहेर पडले आणि त्यांनी इंडियानापोलिसला लिंकन कॉलेज काढले. एवढा फटका त्याला कोणत्याही डॉक्टरने किंवा न्यायाधीशाने दिला नव्हता.

त्यानंतरही तो पस्तीस वर्षे जगला. १९३५ मध्ये संशोधनासाठी दवाखाना काढला. पुढे त्याचे मत इतके आकुंचित झाले की मानेच्या अगदी वरच्या दोन मणक्यांपलीकडे हात लावायचे कारण नाही, असे तो म्हणू लागला. विज्ञानाने यात त्याची साथ केलेली नाही. सगळे रोग मणक्यातून होतात याला आधार सापडलेला नाही, आणि मानेला जोराचा हिसडा दिल्यास क्वचित रक्तवाहिनीला इजा होते म्हणून सावध राहायला सांगतात. कंबरदुखीची गोष्ट वेगळी. २०१७ साली अमेरिकेतील वैद्यांच्या एका मोठ्या संस्थेने कंबरदुखीवर औषधांआधी करून पाहण्याच्या उपायांत कण्याच्या हस्तोपचाराचाही समावेश केला. लिलार्डच्या कानापासून सुरू झालेला दावा शेवटी कंबरेपाशी टिकला.

१९४९ साली मेबल गेली. २७ मे १९६१ रोजी फ्लोरिडातील सारासोटा येथे बी. जे.चा मृत्यू झाला आणि शाळा मुलाकडे, डेव्हिडकडे आली. ज्या पार्करांनी तेथे शिक्षण घेतले होते, त्यांचे वर्ग तोवर दहा वर्षे जुने झाले होते. बी. जे.चा आवाज गर्दीसाठी होता. पार्करांनी तेच काम दवाखान्याच्या लहान खोलीत आणले. दारात रोग्याचे स्वागत कसे करायचे, त्याला उपचार समजावून कसे सांगायचे, तो परत आला नाही तर विचारपूस कशी करायची, हे त्यांनी शिकवले. अर्विंगला १९८२ साली सुरू झालेले त्यांचे कॉलेज त्या दशकाच्या अखेरीस शेजारच्या डॅलसला हलले, आणि २०११ पासून ते पार्कर विद्यापीठ या नावाने चालते.