एकाच नमुन्याचा तक्ता

नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांना घेऊन फ्लॉरेन्स नाइटिंगेल तुर्कस्तानातील स्कुटारीच्या ब्रिटिश लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. क्रिमियन युद्ध सुरू होते. त्यांच्या हातातला दिवा आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून ठाऊक आहे. तिथल्या घाणीइतकाच त्यांना खटकला तो नोंदींचा गोंधळ. मृतांच्या वेगवेगळ्या वह्या होत्या आणि त्यांतले आकडे जुळत नव्हते. शेकडो सैनिक पुरले गेले, पण त्यांची नोंदच झाली नव्हती.

नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० चा, सुखवस्तू इंग्रज घरातला. मुलीने रुग्णालयात काम करावे हे घरच्यांना मुळीच पसंत नव्हते. गणिताची गोडी मात्र लहानपणापासूनची. १८५६ मध्ये युद्धावरून परतल्यावर त्यांची गाठ विल्यम फार यांच्याशी पडली. फार सरकारच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात होते. एकाच आजाराला दहा डॉक्टर दहा नावे देतात आणि मग बेरीज कसली करायची, ही त्यांची जुनी तक्रार. त्यासाठी त्यांनी आजारांचे वर्गीकरण तयार केले होते. दोघांनी मिळून दाखवून दिले की युद्धात जखमांपेक्षा कितीतरी जास्त सैनिक आजारांनी मेले. १८५८ मध्ये लंडनच्या सांख्यिकी संस्थेने नाइटिंगेल यांना सदस्य करून घेतले. तो मान मिळालेली ती पहिलीच स्त्री.

मग त्या नागरी रुग्णालयांकडे वळल्या. तिथेही तोच प्रकार. प्रत्येक रुग्णालयाची आजारांची नावे वेगळी, मोजण्याची रीत वेगळी. फार यांच्या वर्गीकरणाच्या आधारे नाइटिंगेल यांनी सर्वांसाठी एकच तक्ता आखला. वर्षाच्या सुरुवातीला रुग्ण किती, नवे किती आले, बरे किती झाले, दगावले किती, सरासरी किती दिवस राहिले. आणि हे सारे वय, लिंग आणि आजारानुसार. जुलै १८६० मध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेने तो मान्य केला. लंडनच्या काही मोठ्या रुग्णालयांनी वापरूनही पाहिला.

पण तो टिकला नाही. भरायला वेळ लागतो, खर्च होतो, वर्गीकरण पटत नाही, अशी कुरकुर सुरू झाली. (कारकुनाला नवा फॉर्म कधी आवडतो?) त्यातच १८६३ मध्ये नाइटिंगेल यांच्या पुस्तकात फार यांचा एक तक्ता छापला गेला. त्यात लंडनच्या २४ रुग्णालयांचा मृत्युदर शेकडा ९० हून अधिक होता! वर्षभरातल्या मृत्यूंना कुठल्या तरी एका दिवशी खाटांवर असलेल्या रुग्णसंख्येने भागले होते. डॉक्टरांनी टीकेची झोड उठवली, आणि या मुद्द्यावर त्यांचे म्हणणे रास्त होते. भागाकारात खाली कोणता आकडा घ्यायचा, हेही आधी सर्वांनी मिळून ठरवावे लागते.

भारतात त्या कधीच आल्या नाहीत. तरी इथल्या लष्करी ठाण्यांना त्यांनी एकच प्रश्नावली धाडली. पाणी कुठून येते, सांडपाणी कुठे जाते, बराकीत माणसे किती? आलेल्या उत्तरांचा ढीग त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या अवस्थेत उपसला. गोऱ्या सैनिकांचा मृत्युदर पूर्वी हजारी ६९ होता, तो १८७३ पर्यंत १८ वर आल्याचे त्यांनी मांडले. या हिशेबात खेड्यातली रयत नव्हती. पुढे त्यांनी तोही प्रश्न हाती घेतला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही पत्रव्यवहार केला.

फार १८८३ मध्ये वारले. दहा वर्षांनी जाक बर्तियाँ या फ्रेंच सांख्यिकीतज्ज्ञाने फार यांच्याच धर्तीवर मृत्यूच्या कारणांची यादी मांडली आणि एकेक देश ती स्वीकारू लागला. आज मृत्यूच्या दाखल्यावरील कारणाला जो संकेतांक दिला जातो, तो याच यादीच्या वंशातला. १९०० मध्ये पॅरिसला तिची पहिली आंतरराष्ट्रीय उजळणी झाली, तेव्हा ऐंशी वर्षांच्या नाइटिंगेल यांची दृष्टी अधू झाली होती. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्यांचे लंडनमध्ये निधन झाले.